एब्स्टाइनचं बाळ : ‘थांबून पाहू’ म्हणजे नेमकं काय?

डिचोलीहून एका मामांनी प्रश्न विचारला आहे. बहिणीचं पहिलंच बाळंतपण, मुलगी झाली, वजन २ किलो ८००. काही तासांतच ओठ आणि जीभ निळसर दिसू लागली म्हणून बाळाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) हलवलं. टूडी इको झाला आणि रिपोर्टवर आलं : एब्स्टाइन ॲनोमली (हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेचा जन्मजात दोष), ट्रायकस्पिड झडपेतून तीव्र गळती, फंक्शनल पल्मोनरी अट्रेझिया. आज पाचवा दिवस. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण, ७८ ते ८४ टक्क्यांच्या दरम्यान, प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप चालू. डॉक्टर म्हणतात, ‘थांबून पाहू.’ नातेवाईक म्हणतात, ‘झडपच खराब आहे तर थांबायचं कशाला? मुंबईला न्या आणि ऑपरेशन करून घ्या.’ त्यात घरात कुणीतरी ग्रहणाचा विषय काढला आहे आणि बाळंतीण स्वतःलाच दोष देत बसली आहे.

तुम्ही विचारलंय ऑपरेशन कधी करायचं ते. पण तुमच्या लिहिण्यातून मला दुसरा प्रश्न ऐकू येतो, आणि तोच महत्त्वाचा आहे : हे थांबणं उपचाराचा भाग आहे, की कुणाला निर्णय घेता येत नाही म्हणून चाललेली टाळाटाळ? लहान मुलांच्या हृदयविकारात काम करताना हा प्रश्न मला अनेक घरांकडून आला आहे. या आजारात, या वयात, थांबणं बहुतेकदा उपचारच असतो. पण तो डोळे उघडे ठेवून करायचा उपचार आहे आणि त्यालाही मर्यादा आहेत. त्या मर्यादा कुठे आहेत हे तुम्हाला कळलं तर डॉक्टरांशी बोलणं सोपं जाईल.

आधी एक स्पष्ट करते. मी बाळ पाहिलेलं नाही, इकोची चित्रं पाहिलेली नाहीत. एब्स्टाइन हे एकच नाव असलं तरी त्यात एका टोकाला साठीपर्यंत काहीच त्रास न झालेली माणसं आहेत आणि दुसऱ्या टोकाला पहिल्या दिवसापासून व्हेंटिलेटरवर असलेली बाळं. त्यामुळे खाली लिहिलेलं एकूण आजाराबद्दल आहे. तुमच्या भाचीबद्दल अखेरचा शब्द तिच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरांचाच.

हृदयाच्या उजव्या बाजूला वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये ट्रायकस्पिड झडप असते. शरीरातून आलेलं काळसर रक्त वरच्या कप्प्यात येतं, झडपेतून खाली उतरतं आणि खालचा कप्पा आकुंचन पावला की फुप्फुसांकडे जातं. त्या वेळी रक्त मागे फिरू नये म्हणून झडप मिटते. आपल्या खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधावर मानस असते ना, तिचं दार जसं भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं, तशीच ही झडपही. तिला उघडायला-मिटायला कुणी लागत नाही, दोन्हीकडच्या दाबांतला फरकच ते काम करतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं दाबावरच उभं आहे.

ट्रायकस्पिडला तीन पाळ्या असतात. गर्भात त्या खालच्या कप्प्याच्या भिंतीतूनच सुटून वेगळ्या होतात. एब्स्टाइनमध्ये त्यांतल्या दोन पाळ्या नीट सुटतच नाहीत, भिंतीला चिकटून राहतात. त्यामुळे झडप जिथे मिटायला हवी तिथून बरीच खाली, हृदयाच्या टोकाकडे सरकलेली दिसते. तिसरी, पुढची पाळी मात्र लांबरुंद आणि सैल असते. परिणाम दोन होतात. एक, झडप पुरती मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. दोन, खालच्या कप्प्याचा वरचा भाग झडपेच्या चुकीच्या बाजूला गेल्यामुळे वरच्या कप्प्यातच जमा होतो. रक्त पुढे ढकलायला उरलेला खालचा कप्पा लहान पडतो. वरचा कप्पा गळतीने फुगत जातो, आणि छातीच्या एक्स-रेमध्ये हृदय एवढं मोठं दिसतं की घरच्यांना धडकी भरते.

हा दोष दुर्मीळ आहे. साधारण २० हजार जन्मांमागे एक, जन्मजात हृदयदोषांच्या एकूण संख्येत १ टक्क्याहून कमी. ब्रेस्लाउ (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शहरात विल्हेल्म एब्स्टाइन या डॉक्टरांनी १८६६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं, तेही एका १९ वर्षांच्या मजुराच्या शवविच्छेदनावरून. हे मी मुद्दाम सांगते. त्या काळात ना इको होता, ना औषधं, ना शस्त्रक्रिया, तरी तो मुलगा १९ वर्षं जगला आणि अंगमेहनतीचं काम करत होता. म्हणजे झडप वाईट असणं आणि बाळ वाचणारच नाही असं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता नवजात बाळाचं वेगळेपण. आईच्या पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि त्यांचा विरोध खूप जास्त असतो. जन्मल्यावर तो लगेच उतरायला लागतो, पण एका दिवसात खाली येत नाही. पहिले काही दिवस तो चढाच असतो आणि पुढे काही आठवडे हळूहळू कमी होत राहतो. निरोगी बाळाचा उजवा खालचा कप्पा एवढ्या विरोधापुढेही रक्त ढकलतो. तुमच्या भाचीचा कप्पा लहान, त्यात दर ठोक्याला बरंच रक्त मागे गळतं. समोर चढ आणि मागे भोक, अशा अवस्थेत रक्त सोपी वाट धरतं, म्हणजे मागे.

मागे गेलेलं रक्त वरच्या कप्प्यात साठून राहत नाही. दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मतः एक फट असते, तिच्यातून ते डावीकडे जातं आणि शुद्ध न होताच शरीरात पोचतं. बाळ निळं दिसतं ते यामुळे. पुष्कळ घरचे लोक इको रिपोर्टवर ‘छिद्र’ वाचून विचारतात, मग ते छिद्र आधी बंद का करत नाही? कारण सध्या तेच तिला तारतंय. उजवीकडून रक्त पुढे जात नाही, मग डाव्या बाजूला भरायला रक्त येणार कुठून? या फटीतूनच. ती आज बंद केली तर बाळाचा रंग सुधारणार नाही, उलट शरीराला पोचणारं एकूण रक्तच कमी पडेल.

म्हणून पहिल्या दिवसांत आम्ही वाट पाहतो ती फुप्फुसांतला विरोध उतरण्याची. समोरचा चढ कमी झाला की तीच झडप, तेवढीच गळती असूनही, उजवा कप्पा थोडं थोडं रक्त पुढे ढकलू लागतो. वरच्या कप्प्यातला दाब घटतो, फटीतून जाणारं काळं रक्त कमी होतं आणि सॅच्युरेशन आपोआप वर येतं. पहिल्या दोन दिवसांत घरच्यांनी आशा सोडलेली बाळं दोन-तीन आठवड्यांनी आईच्या अंगावर पिताना मी पाहिली आहेत, कोणतीही शस्त्रक्रिया न होता. सगळ्यांचंच असं होत नाही. पण ज्यांचं होणार असतं त्यांना पाचव्या दिवशी ऑपरेशन टेबलवर नेणं हे त्यांचं नुकसान आहे.

इथे रिपोर्टमधल्या ‘फंक्शनल पल्मोनरी अट्रेझिया’कडे यायला हवं, कारण निर्णयाचा सगळा गुंता तिथेच आहे. उजव्या खालच्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या दारावर दुसरी एक झडप असते, पल्मोनरी. तुमच्या भाचीच्या इकोत ती उघडताना दिसलेली नाही. याची कारणं दोन असू शकतात. एक, ती झडप खरोखरच जन्मतः बंद आहे, तिथे वाटच नाही. दोन, झडप चांगली आहे, पण उजव्या कप्प्याला ती ढकलून उघडण्याइतका दाब निर्माण करता येत नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याला दुसरं कारण वाटतंय. पहिल्या प्रकारात वाट पाहून झडप उघडणार नाही, काहीतरी करावंच लागेल. दुसऱ्या प्रकारात वाट पाहण्यात अर्थ आहे. पडद्यावर मात्र दोन्ही चित्रं अगदी सारखी दिसू शकतात, अनुभवी माणसालाही.

मग फरक कसा ओळखायचा? पल्मोनरी झडपेतून रक्ताची बारीकशी धार उलट, खाली उजव्या कप्प्यात येताना इकोच्या रंगांत दिसली, तर तिथे वाट आहे हे सिद्ध झालं. ट्रायकस्पिडमधून मागे येणाऱ्या धारेचा वेग मोजून उजवा कप्पा किती दाब निर्माण करतोय याचा अंदाज येतो. त्याहूनही बोलकी परीक्षा म्हणजे परिस्थिती थोडी बदलून पुन्हा पाहणं. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैल करायला नायट्रिक ऑक्साइड वायू देतात, प्रोस्टाग्लँडिन हळूहळू कमी करतात, आणि त्या वेळी इको लावून पाहतात की झडप हलली का. एका इकोवर हा निकाल लागत नाही. रोज किंवा दिवसाआड इको होत असेल तर ते गोंधळलेपणाचं लक्षण समजू नका.

प्रोस्टाग्लँडिनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे औषध इथे दुधारी आहे आणि ते कमी करायला घेतलं की घरचे घाबरतात. जन्माआधी महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी एक नळी असते, डक्टस. जन्मानंतर साधारण दोन-तीन दिवसांत ती मिटते. तुमच्या भाचीच्या फुप्फुसांना सध्या समोरून रक्त मिळत नाही, ते या नळीतूनच मिळतंय. म्हणून ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप. आज तिच्या शरीरात जो काही प्राणवायू आहे तो या नळीमुळे. पण तीच नळी महाधमनीचा दाब थेट फुप्फुसाच्या धमनीवर आणते. म्हणजे पल्मोनरी झडपेच्या पलीकडून जोर येत राहतो आणि दुबळ्या उजव्या कप्प्याला ती उघडणं आणखी अवघड होतं. झडप चांगली असेल तर कधीतरी डॉक्टरांना धीर करून औषध कमी करावं लागतं, नळी मिटू द्यावी लागते, आणि कप्प्याला स्वतः काम करायची संधी द्यावी लागते. त्या तासांत सॅच्युरेशन खालीवर होतं. मॉनिटरसमोर बसलेल्या माणसाचा जीव वर-खाली होतो हे मी जाणते. तरी ते ठरवून, पहाऱ्यात केलेलं असतं, आणि नाही जमलं तर ड्रिप पुन्हा वाढवता येते.

एका प्रकारात मात्र ही नळी लवकरात लवकर मिटवावी लागते. पल्मोनरी झडपेतूनही उलटी गळती जोरात असेल, तर महाधमनीतलं रक्त नळीतून फुप्फुसाच्या धमनीत, तिथून मागे उजव्या खालच्या कप्प्यात, ट्रायकस्पिडच्या गळतीतून वरच्या कप्प्यात, फटीतून डावीकडे आणि पुन्हा महाधमनीत, असं गोलगोल फिरत राहतं. हृदय राबतं, पण शरीराला रक्त पोचत नाही. अशा बाळाचं सॅच्युरेशन कधीकधी बरं दिसतं आणि बाळ मात्र खालावत जातं. म्हणून डॉक्टर केवळ त्या एका आकड्याकडे पाहत नाहीत.

तुम्हीही पाहू नका. तुम्ही ७८ ते ८४ लिहिलंत. निरोगी बाळाचं ९५ च्या वर असतं, त्यामुळे हा आकडा भयंकर वाटतो. पण अशा हृदयाच्या नवजात बाळात ७५ ते ८५ हे तात्पुरतं चालवून घेतलं जातं, बाकीच्या गोष्टी ठीक असतील तर. बाकीच्या म्हणजे हातपाय गरम आहेत का, लघवी होते का, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला प्राणवायू कमी पडला की वाढणारं द्रव्य) वाढतंय की घटतंय, यकृत सुजलंय का, श्वास किती कष्टाने चाललाय. ७८ सॅच्युरेशन, लॅक्टेट नॉर्मल, लघवी भरपूर, असं बाळ मला ८८ सॅच्युरेशन आणि चढत्या लॅक्टेटच्या बाळापेक्षा कितीतरी बरं वाटतं.

रिपोर्टवर कदाचित एखादा गुणांक लिहिलेला असेल. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सुचवलेली ही मोजणी आहे : उजवा वरचा कप्पा आणि त्यात सामील झालेला भाग यांचं क्षेत्रफळ, भागिले उरलेल्या तीन कप्प्यांचं. ०.५ च्या खाली सौम्य, १ च्या पुढे गंभीर, १.५ च्या पुढे अतिशय गंभीर. ती उपयोगी आहे, पण पहिल्या दिवशी फुप्फुसाचा विरोध चढा असताना वरचा कप्पा फुगलेलाच असतो. तो आकडा एकटा घेऊन इंटरनेटवर जगण्याचे टक्के शोधत बसू नका. आज आणि चार दिवसांनी, अशी तुलना केली तरच त्यातून काही कळतं.

आता थांबणं कधी थांबवायचं. नायट्रिक ऑक्साइड देऊन, प्रोस्टाग्लँडिन कमी करून पाहिलं आणि दरवेळी सॅच्युरेशन कोसळतंय; लॅक्टेट चढत चाललंय, लघवी घटलीय; व्हेंटिलेटर सुटत नाही; डावा खालचा कप्पाही दबून नीट काम करत नाही; किंवा पल्मोनरी झडप खरोखरच बंद आहे हे ठरलं. यांतलं काही असेल तर ‘अजून दोन दिवस पाहू’ म्हणण्यात मला अर्थ दिसत नाही. शस्त्रक्रियेच्या केंद्राशी बोलणं त्याआधीच सुरू झालेलं असावं, बाळ पार थकल्यावर नाही.

शस्त्रक्रिया म्हणजे एकच ठरलेलं ऑपरेशन नव्हे. हृदयाला हात न लावता फुप्फुसांना रक्त देणारी कृत्रिम नळी बसवणं किंवा डक्टसमध्ये स्टेंट घालणं हा एक मार्ग. दुसरा, १९९१ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. वॉन स्टार्न्स यांनी मांडलेला : ट्रायकस्पिडवर पॅच लावून उजवा खालचा कप्पा कामातून बाजूला करायचा. बाळ वाचतं, पण पुढचं आयुष्य एका पंपावर, म्हणजे एकाच खालच्या कप्प्यावर, जगायच्या वाटेने जातं आणि पुढे आणखी ऑपरेशनं होतात. तिसरा, झडपच दुरुस्त करून दोन्ही बाजू कामात ठेवायच्या. हे नवजात बाळात सर्वांत कठीण, कारण त्या वयात झडपेच्या पाळ्या इतक्या नाजूक असतात की टाका धरत नाही. ब्राझीलचे शल्यविशारद जुझे पेद्रो दा सिल्वा यांनी १९९३ पासून विकसित केलेली ‘कोन’ दुरुस्ती, ज्यात चिकटलेल्या पाळ्या भिंतीपासून सोडवून त्यांचा शंकू करून झडप मूळ जागी बसवतात, ती मोठ्या मुलांत आणि प्रौढांत फार चांगली चालते. नवजात वयातलं कुठलंही एब्स्टाइनचं ऑपरेशन, जगातल्या चांगल्या केंद्रांतही, काही वर्षांनी केलेल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी जोखमीचं असतं. ‘लगेच करून टाका’ या आग्रहाला माझा विरोध आहे तो याचसाठी. आजचे काही आठवडे औषधांवर निभावले तर हीच मुलगी चार-पाच वर्षांची असताना त्याच झडपेवर जास्त चांगलं ऑपरेशन मिळू शकतं. काहींना तेही अनेक वर्षं लागत नाही.

मुंबईला न्यायचं का? इथे खरोखरच परिस्थितीवर अवलंबून आहे. वर सांगितलेली थांबवण्याची कारणं दिसत असतील, किंवा नायट्रिक ऑक्साइड आणि नवजात हृदयशस्त्रक्रियेची सोय लागेल असं बाळाच्या डॉक्टरांना वाटत असेल, तर हलवणं योग्य, आणि ते बाळ स्थिर असताना करणं जास्त योग्य. पण बाळ सुधारत असेल, तर केवळ नातेवाइकांच्या समाधानासाठी पाचव्या दिवशीच्या बाळाला मुंबईच्या रस्त्यावर बारा तास किंवा चोर्ला घाटाच्या वळणांवरून बेळगावला घेऊन जाणं मला पटत नाही. थंडी, रडणं, हलली-निसटलेली नळी, या प्रत्येक गोष्टीने फुप्फुसाचा दाब पुन्हा चढतो. विमानाने जायचं तर दाबोळी, मोपा दोन्हीकडून सोय होऊ शकते, पण विमानात प्राणवायू विरळ असतो, निळ्या बाळासाठी त्याची तयारी डॉक्टरांनी आधी करावी लागते. न्यायचं ठरलं तर काही गोष्टींवर अडून बसा : समोरच्या रुग्णालयात खाट पक्की झाल्याशिवाय निघायचं नाही, सोबत नवजात बाळ सांभाळू शकणारा डॉक्टर हवा, प्रोस्टाग्लँडिन प्रवासभर अखंड चालू हवं आणि त्यासाठी दुसरी शीर आधीच लावून ठेवलेली हवी, आणि इकोच्या कागदाबरोबर चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्हही हवा.

पैशाबद्दल. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण ठेवलं होतं. राज्यात न होणाऱ्या उपचारांसाठी सरकारची मेडिक्लेम योजना आहे, आणि २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष समाविष्ट आहेत. बाळाचं नाव अजून कार्डावर नसेल, तर जन्मदाखल्याचं आणि या कागदांचं काम घरातल्या एकाने आजच अंगावर घ्यावं. तुम्ही मामा आहात, तुम्हीच घ्या. ऐनवेळी कागदासाठी थांबायची पाळी येऊ नये.

ठोक्यांचा विषय बहुतेक घरांत कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. एब्स्टाइन असलेल्यांपैकी पुष्कळांच्या हृदयात विजेच्या प्रवाहाची एक जादा वाट असते. तिच्यामुळे ठोके अचानक मिनिटाला २२० च्याही वर जाऊ शकतात. बाळ बोलू शकत नाही. ते पिणं सोडतं, फिकं पडतं, घामेजतं, सुस्त होतं. घरी गेल्यावर असं दिसलं आणि छातीवर हात ठेवल्यावर ठोके मोजताच येत नाहीत इतके वेगाने लागले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. ईसीजी झाला का आणि त्यात जादा वाट दिसते का, हे डिस्चार्जपूर्वी विचारून कागदावर लिहून घ्या. उद्या रात्री म्हापशाच्या आझिलो रुग्णालयात किंवा साखळीच्या आरोग्य केंद्रात अनोळखी डॉक्टरसमोर उभं राहायची वेळ आली तर तो कागद फार कामाला येतो, कारण अशा मुलांना ठोके कमी करायची काही नेहमीची औषधं चालत नाहीत.

आता ग्रहण. बहिणीला हे वाचून दाखवा. गरोदरपणात ग्रहणात बाहेर पडल्याने, भाजी चिरल्याने, पपई खाल्ल्याने किंवा जिना चढल्याने एब्स्टाइन होत नाही. हृदय आणि त्याच्या झडपा गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत घडतात, बऱ्याचदा आईला दिवस गेलेत हे नुकतंच कळलेलं असताना. बहुतेक बाळांत एकही कारण सापडत नाही. मानसिक आजारावरच्या लिथियम या औषधाचा संबंध पूर्वी फार मोठा मानला जाई. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो धोका बराच कमी निघाला. तिने ते घेतलेलं असेल तर डॉक्टरांना सांगावं, पण त्यातही अपराध मानण्यासारखं काही नाही. ‘पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कसं दिसलं नाही’ हाही प्रश्न घरात निघेल. हृदय फार मोठं झालेलं असेल तर तिथे दिसतं. झडप थोडी सरकलेली असली आणि बाळ नीट वळलेलं नसलं तर निसटू शकतं. पुढच्या वेळी दिवस राहिले की १८ ते २२ आठवड्यांत गर्भाचा हृदय-इको करून घ्यायचा, एवढं आत्ता पुरे.

बाळ सुधारून घरी आलं, तर सांभाळणं तसं साधं आहे. पंधरा-वीस मिनिटांत पोट भरतंय का, पिताना दम लागून मध्ये मध्ये सोडतंय का, हे पाहायचं. आपल्याकडे दमट हवेत सगळ्यांनाच घाम येतो, पण पंख्याखाली पिताना कपाळावर घामाचे थेंब आले तर ते हृदयाचं लक्षण धरायचं. रंग पाहायचा तो जिभेचा आणि हिरड्यांचा, दिवसाच्या उजेडात. सावळ्या बाळाचे हातपाय पाहून फसायला होतं, आणि थंडीने हातपाय निरोगी बाळाचेही निळे पडतात. मध, घुटी, जायफळ उगाळून देणं, यातलं काही नको. लसी सगळ्या वेळेवर. पावसाळ्यात सर्दी-खोकल्याच्या माणसांना लांब ठेवा. चवथीला घर भरलेलं असतं आणि प्रत्येकाला बाळ मांडीवर घ्यायचं असतं, तेव्हा वाईटपणा घ्यायचं काम आजीवर सोपवा. बारसं बाळ घरी आल्यावर निवांत करा.

उद्याच्या राउंडला डॉक्टरांना हे विचारा : पल्मोनरी झडपेतून कुठल्याही दिशेने थोडी तरी धार दिसली का? प्रोस्टाग्लँडिन कमी करून पाहायचा विचार कधी आहे? लॅक्टेट कालपेक्षा खाली आहे की वर? आणि शस्त्रक्रियेच्या कुठल्या केंद्राशी त्यांचं बोलणं झालंय का? उत्तरं मिळाली की इथेच लिहा, मी वाचेन. तोवर बहिणीला दर तीन तासांनी दूध पिळून काढायला सांगा, एनआयसीयूच्या (नवजात अतिदक्षता विभागाच्या) नर्स कसं काढायचं आणि कसं साठवायचं ते शिकवतील. बाळ अंगावर पिऊ शकत नसेल तरी नळीतून तेच दूध तिला देता येतं.